बाजूच्या सीटवर

मुलुंड पूर्व,
१२ जानेवारी २०२५

दादा,

तुझी सही मिळाली. पाकीट मी दोनदा उलटं करून झटकलं, आत दुसरा कागद नव्हता. दर्शना म्हणाली, "अहो, सही केली ना भावोजींनी, तेच खूप." तिचं बरोबर आहे. गाडी अजून कागदावर तुझ्याच नावावर आहे. तुझ्या सहीशिवाय कंपनीने तिला हात लावला नसता.

तर सांगायचं म्हणजे, गाडी महाकोश कॅरिअर्सला लावली. पाच वर्षांचा करार. गाडी आपली, माल त्यांचा. चालवणार मीच, पण कुठून, कुठे, कुठल्या रस्त्याने, ते सगळं त्यांचं अंधेरीचं ऑफिस सांगणार. मला माहीत आहे तू काय म्हणशील. "दुसऱ्याचो रंग लावन चालवण्यापेक्षा गाडी भंगारात घाल." चेकनाक्यावर भोसल्याने अशीच कंपनीला गाडी लावली तेव्हा तू हे सगळ्यांसमोर म्हणाला होतास आणि मी हसलो होतो. पण दादा, नाक्यावर उभं राहून माल मिळायचे दिवस गेले रे. तू आत असताना गेले. आता सगळा माल मोठ्या कंपन्या मोबाइलवर उचलतात. एकट्या गाडीला कोणी विचारत नाही. दिवाळीनंतर गाडी एकवीस दिवस उभी होती. टायरखाली मांजरीने पिल्लं घातली.

रंग पांढरा दिला आहे, मधोमध निळा पट्टा. तुझ्या हातचं लाल-पिवळं गेलं. पेंटरने घासायला घेतलं तेव्हा मी चहा प्यायला निघून गेलो.

करारासोबत फॉर्म होता. बाराव्या नंबरचा प्रश्न असा होता की आपल्या हातून कधी कोणी माणूस दगावला आहे का. तिथले साहेब, हर्षद म्हणून आहेत, तरुण आहेत, बोलायला चांगले. त्यांना सांगितलं की या गाडीखाली तीन वर्षांपूर्वी एक माणूस गेला, केस माझ्या भावावर झाली. ते म्हणाले, "शिक्षा भोगून झाली ना? मग तुम्ही 'नाही' लिहा. प्रश्न तुमच्याबद्दल आहे."

मी 'नाही' लिहिलं. कागदोपत्री ते खरंच आहे.

तुझी तब्येत कळव. नाही कळवलीस तरी मी लिहीत राहीन. तू मोबाइल ठेवत नाहीस आणि घरी फोन केला तर चुलती सांगते, "तो मागल्या दारी गेलो." दर वेळी मागल्या दारीच कसा असतोस?

लवू


३ फेब्रुवारी

दादा,

रोजचा रूट सांगतो. गोरेगावच्या गोदामात माल भरायचा, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पूर्वेला यायचं, हायवेला लागायचं आणि भिवंडी. मोठ्या गाड्यांना सकाळ-संध्याकाळ बंदी, त्यामुळे लिंक रोड संपून हायवेला लागेपर्यंत बरोबर तीन वाजतात.

मी रूट बदलून मागितला. हर्षद साहेब म्हणाले, "रूट कंपनी ठरवते." कारण विचारलं, ते मी सांगितलं नाही.

गाडीत त्यांनी एक डबी बसवली आहे, काचेच्या वर, मधोमध. तिला दोन डोळे आहेत. एक रस्त्याकडे बघतो, एक आपल्याकडे. मला जांभई आली की टुंग वाजतं. मोबाइल कानाला लावला की अंधेरीहून फोन येतो. फोन करणारी मुलगी गार्गी. आपल्या पोरीच्या, रेवतीच्या वयाची असेल. मला काका म्हणते पण झापते सासूसारखी.

परवा लिंक रोड उतरून हायवेला लागलो आणि पट्ट्याची शिट्टी सुरू झाली. माझा पट्टा लावलेला होता. शिट्टी डावीकडच्या सीटची. तिथे कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही की वाजते. सीटवर माझा जेवणाचा डबा होता, तो उचलून खाली ठेवला. शिट्टी चालूच. ठाण्यापर्यंत चालू. मग गार्गीचा फोन.

"काका, बाजूला बसलेत त्यांना पट्टा लावायला सांगा. आणि करारात दुसरा माणूस चालत नाही. हे पहिलं आणि शेवटचं."

"अगं, कोण बाजूला? डबा होता जेवणाचा."

"डबा काचेला डोकं टेकून झोपत नाही, काका."

मला हसायला आलं. वाटलं, पोर थट्टा करते आहे. पण ती हसली नाही. फोन ठेवून दिला.

काल पुन्हा तिथेच शिट्टी. मी गाडी बाजूला घेतली, डावीकडचा पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून नेऊन खटक्यात अडकवला. शिट्टी लगेच थांबली. आता गोरेगावहून निघतानाच मी तो पट्टा लावून घेतो. काम भागतं. नवीन वायरिंग असं करतं कधी कधी.

रेवती बरी आहे. बोरिवलीला त्यांनी मोठी खोली घेतली. काकाला बोलवायचं म्हणते.

लवू


२० फेब्रुवारी

दादा,

वायरिंग नाही.

भिवंडीच्या गोदामाच्या गेटवर एक म्हातारा वॉचमन आहे. डोळ्याला जाड चष्मा, पण कामाला चोख. ड्रायव्हरला पास देतो, तो परत जाताना परत द्यायचा. सोमवारी मी गेटवर थांबलो. त्याने खिडकीतून हात वर केला आणि मला दोन पास दिले.

"दोन कशाला?"

"एक आपका, एक उनका." आणि त्याने मान वाकडी करून माझ्या पलीकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाला, "सोने दो. उठाना मत. बहुत थका लगता है."

मी मागे वळून बघितलं नाही, दादा. एवढा मोठा झालो, बावीस वर्षं घाट चढतो-उतरतो आहे, दिवसाढवळ्या, भर उन्हात, आजूबाजूला पन्नास गाड्या उभ्या, हमाल ओरडताहेत. तरी माझी मान वळेना. गाडी आत घेतली, माल उतरवायच्या धक्क्याला लावली, खाली उतरलो आणि मग लांबून केबिनकडे पाहिलं. रिकामी होती. दोन्ही पास माझ्या खिशात होते. जाताना दोन्ही परत दिले.

दोन रविवारांपूर्वी दर्शना गाडी पुसायला आली होती. तुला माहीत आहे, तिला आतली काच स्वतः पुसल्याशिवाय चैन पडत नाही. डावीकडची काच पुसताना थांबली. म्हणाली, "कोणाला बसवता हो तुम्ही?"

"कोणाला नाही."

"खोटं बोलू नका. हे बघा."

काचेवर आतल्या बाजूने डाग होता. तेलकट, हाताच्या पंज्याएवढा. एसटीत खिडकीशी झोपलेल्या माणसाच्या कपाळाचा पडतो तसा. तिने फडक्याने घासला. गेला. पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच, तेवढाच. आता ती माझ्याशी धड बोलत नाही. तिला वाटतं मी कुठल्या तरी बाईला घेऊन फिरतो. दादा, मला वाटलं, बरंच आहे. बाई वाटली तर वाटू दे.

दुसऱ्या कंपनीला गाडी लावावी म्हणून हर्षद साहेबांशी बोललो. ते करार उघडून बसले. पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं. मध्ये सोडायला कारण लागतं. "काय कारण लिहू?" त्यांनी विचारलं. मी उठून आलो.

तू त्या अपघाताच्या दिवशी हॉस्पिटलपर्यंत गाडी चालवलीस. दहा-पंधरा मिनिटं तुझ्या बाजूलाही तो होता. तुला कधी काही जाणवलं का रे? खरं सांग. एक ओळ लिही. फक्त 'नाही' लिहून पाठवलंस तरी चालेल.

लवू


८ मार्च

दादा,

आज अंधेरीला गेलो होतो. कॅमेरा बिघडला आहे अशी मी लेखी तक्रार केली होती. त्यांनी डबी बदलली. नव्या डबीनेही तेच केलं, म्हणून बोलावलं.

गार्गीला पहिल्यांदा समोर पाहिलं. बारीक आहे, चष्मा लावते. तिच्यासमोर मोठा पडदा, त्यावर शंभरेक गाड्या, प्रत्येकीचा ड्रायव्हर पोस्टाच्या तिकिटाएवढा. तिने मला शेजारी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझ्या गाडीची चित्रं एकेक करून मोठी केली.

चित्रात मी होतो. बाजूची सीट रिकामी, पट्टा लावलेला. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, "बघ, कोणी नाही."

"मलाही कोणी दिसत नाही, काका," ती म्हणाली. "मी तुम्हाला फोनवर बोलले ते मशीन लिहितं ते वाचून. मशीन माणसाभोवती हिरवा चौकोन काढतं आणि खाली तो काय करतोय ते लिहितं. हा बघा."

चौकोन होता. रिकाम्या सीटवर, खिडकीला चिकटून. जिथे काचेवर डाग पडतो तिथे त्याचं वरचं टोक. खाली लिहिलं होतं, सहप्रवासी, झोपलेला.

"हे फेब्रुवारीच्या सुरुवातीचं. हे फेब्रुवारीच्या शेवटचं."

चौकोन सीटच्या मधोमध आला होता, सरळ. खाली लिहिलं होतं, सहप्रवासी, जागा.

"आणि हे या आठवड्यातलं," ती म्हणाली. तिने दारापाशी हर्षद साहेब आहेत का ते बघितलं आणि चित्र उघडलं.

चौकोन माझ्याकडे कलला होता. त्याची कड माझ्या डाव्या खांद्याला लागत होती. आणि चित्रातला मी, दादा, मान जरा डावीकडे करून रस्त्याकडे बघत होतो. कोणाचं तरी ऐकताना आपण करतो तशी.

खाली लिहिलं होतं, सहप्रवासी, बोलत आहे.

गार्गीने विचारलं, "काका, तुम्ही काय ऐकत होता?"

मी म्हटलं, रेडिओ. तिने पडद्याकडे बघितलं. रेडिओ बंद असला तर तेही मशीन लिहितं.

निघताना ती माझ्यामागे लिफ्टपर्यंत आली. म्हणाली, "मी वर कळवलेलं नाही अजून. कळवू का?" मी सांगितलं, दोन दिवस थांब. तिने मान हलवली. घरी म्हातारे आजोबा आहेत तिचे, त्यांना विचारते म्हणाली. मी म्हटलं, कोणाला विचारू नकोस, बाळा. ज्याला विचारायचं तो मला माहीत आहे.

दादा, तो माणूस आपण दोघं म्हणतो त्याहून जास्त वेळ माझ्या गाडीत होता.

लवू


११ मार्च

दादा,

आज तीन वर्षं झाली. गाडी बिघडली आहे असं कळवून घरी बसलो. दर्शना बाजारात गेली आहे. ती यायच्या आत लिहून संपवतो.

तुला मी काय सांगितलं होतं ते आठव. विक्रोळी सोडल्यावर तो आडवा आला, मला ब्रेक लागला नाही, जागीच गेला, मी त्याला उचलून सीटवर ठेवला आणि तुझ्याकडे आणला. तू कांजूरला गॅरेजमध्ये होतास, डम्पिंगच्या रस्त्याला. माझं लायसन्स संपून पाच महिने झाले होते. रेवतीचा साखरपुडा तोंडावर होता. तू त्याच्या नाकाशी बोट धरलंस, माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि म्हणालास, "माझा काय, माझ्या मागे कोण आसा? चावी दे." मग तू गाडी हॉस्पिटलला नेलीस आणि पोलिसांना सांगितलंस, गाडी मी चालवत होतो. कोर्टातही तेच सांगितलंस. दीड वर्ष काढून आलास आणि गावी निघून गेलास.

तू एका मेलेल्या माणसापायी आत गेलास असं तुला वाटतं.

तो जिवंत होता.

मी त्याला उचलला तेव्हा तो स्वतः पायरीवर पाय ठेवून चढला, दादा. रक्त फार नव्हतं. सीटवर बसला, डोकं काचेला टेकलं. मला म्हणाला, "काही नाही, मी ठीक आहे, चला." चला म्हणाला. माझ्यावर ओरडला नाही, शिवी दिली नाही. मी गाडी चालू केली ती हॉस्पिटलला जायलाच. हे तू खरं मान. हॉस्पिटलचं वळण समोर दिसत होतं. मग मनात आलं, तिथे लायसन्स मागतील. नंतर वाटलं, दादाला घेऊन जाऊ, दादा बोलेल. मी सरळ गेलो. पुढे जाऊन पुलाखालून वळलो, पलीकडच्या बाजूला ट्रॅफिक होता. तुझ्यापर्यंत यायला चाळीस मिनिटं लागली.

त्यातली निम्मी तो बोलत होता. काय ते मी लिहू शकत नाही. मग थांबला. मला वाटलं, झोपला. मी मुद्दाम बघितलं नाही.

तू तुरुंगात गेलास ते मी तुला फसवून पाठवलं. अपघात झाला असं तुला माहीत होतं, म्हणून गेलास. मी जे केलं ते कळलं असतं तर तू मला तिथेच कानाखाली मारून पोलिसांत नेलं असतंस. म्हणून सांगितलं नाही.

दर्शनाला आज सांगणार आहे.

लवू


३ एप्रिल

दादा,

तू ते पत्र वाचलंस की नाही, मला कळायला मार्ग नाही. रजिस्टर केलं होतं, पोस्टात म्हणाले हातात दिलं.

दर्शनाला सांगितलं. ती दोन दिवस बहिणीकडे राहून परत आली. म्हणाली, "त्याच्या घरी जा. माझ्याशी नंतर बोला."

कोर्टाच्या कागदात पत्ता होता. घाटकोपर, भटवाडी. यज्ञेश त्याचं नाव, चौतीस वर्षांचा, गोरेगावच्या फिल्म स्टुडिओत लाइटचं काम करायचा. बायको माहेरी गेली, आता आई एकटीच असते. जयंतीबाई. काल सकाळी दहा वाजता गेलो. तिला वाटलं वीजमीटरवाला आला.

दादा, त्या खोलीत मी पाऊल टाकलं आणि थांबलो. उजवीकडची भिंत नीट, आकाशी रंगाची, कॅलेंडर लावलेलं. डावीकडच्या भिंतीला रंग नाही, गिलावा नाही. कोणी तरी खरवडून खरवडून विटा उघड्या केलेल्या. काही विटांच्या सांध्यातली माती पण काढलेली. कपाटाची डावी फळी नव्हती. पलंगाच्या गादीची डावी शिवण उसवून पुन्हा घातलेली. बाकी घर लख्ख. पितळेची भांडी चकचकीत.

मी खाली बसलो आणि जे तुला लिहिलं ते सगळं तिला सांगितलं. गाडी मी चालवत होतो. तो लगेच गेला नाही. ती ऐकत होती. हातात तांदूळ निवडायचं ताट होतं, ते तिने बाजूला ठेवलं.

मग विचारलं, "किती वाजता लागलं त्याला?"

"तीनला."

"आणि किती वाजेपर्यंत बोलत होता?"

"वीस मिनिटं तरी."

ती उठली, मोबाइल घेऊन आली. जुना, बटणांचा. त्यात आलेल्या एका फोनची नोंद जपून ठेवलेली, तारीख अकरा मार्च, वेळ तीन वाजून सोळा मिनिटं. म्हणाली, "त्याचा फोन आला होता मला. मी घेतला. गाडीचा आवाज येत होता. तो बोलला आणि फोन बंद झाला. पोलीस म्हणाले, बाई, तो तीनलाच जागेवर गेला, फोन खिशात दाबला गेला असेल. सून म्हणाली, तुम्हाला भास झाला. डॉक्टरकडे नेलं मला. गोळ्या चालू आहेत अजून. तीन वर्षं सगळे मला सांगतात की माझ्या मुलाने मला फोन केला नाही."

मी विचारलं, "काय बोलला?"

"एकच शब्द. डावीकडे." तिने त्या भिंतीकडे बघितलं. "मला वाटलं, काही ठेवलंय त्याने. मला सांगायचं राहिलंय. शोधते आहे मी. सगळं शोधून झालं."

दादा, मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. तेच बोलत होता तो. माझ्या गाडीत, माझ्या बाजूला बसून, वीस मिनिटं. "दादा, डावीकडे घ्या. हॉस्पिटल डावीकडे आहे. वळण गेलं, दादा. पुढून पण डावीकडे जाता येतं." तोही मला दादाच म्हणत होता. शेवटी शेवटी नुसतंच डावीकडे, डावीकडे. त्याला वाटत होतं मला रस्ता माहीत नाही.

मी तिला हे सांगितलं.

ती माझ्या अंगावर धावून येईल असं वाटलं होतं. ती भिंतीपाशी गेली. विटेवर हात ठेवून उभी राहिली. बाहेर शेजारीण पाणी भरत होती, बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद करेना, तो आवाज येत राहिला. मग जयंतीबाई न वळता म्हणाली, "म्हणजे फोन आला होता."

"हो."

"मी वेडी नाही."

"नाही."

ती वळली. डोळे कोरडे होते. म्हणाली, "गाडी तीच आहे का अजून?"

"तीच."

"मला त्या रस्त्याने न्या. जिथे लागलं तिथून. तो सांगत होता तसं."


६ एप्रिल

दादा,

काल नेलं.

कंपनीची परवानगी काढली नाही. मला फॉर्ममधल्या खोट्या उत्तराचंही कळवायचं होतं, ते निघायच्या आधी लेखी देऊन आलो. हर्षद साहेब म्हणाले, करार आजपासून रद्द. करार मध्येच सोडायला त्यांना जे कारण हवं होतं ते अखेर मिळालं. मी डबी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. गार्गी दारात उभी होती. तिने हात जोडले.

जयंतीबाई घाटकोपरला रस्त्यावर वाट बघत होती. इस्त्रीची साडी, हातात पर्स, मनगटाला घड्याळ. गाडीची पायरी उंच, तिला चढवताना मला तिचा हात धरावा लागला. डावीकडची सीट बाकड्यासारखी लांब, तिच्यावर दोन माणसांची जागा आहे. मी म्हटलं, "खिडकीशी बसा, वारा लागेल."

"नको," ती म्हणाली आणि माझ्या बाजूला सरकून बसली. "तिथे जागा राहू दे."

विक्रोळीच्या पुढे त्या जागी गाडी हळू केली. तिला दाखवलं. कठड्यावर गवत उगवलं आहे, बाकी काही नाही. तीन वाजत होते. तिने घड्याळ बघितलं.

"चला," म्हणाली.

मी निघालो. तेच ऊन, तोच रस्ता. माझ्या डाव्या कानाशी एवढे आठवडे जे बोलणं ऐकू येत होतं ते काल नव्हतं. गाडीत इतकं शांत होतं की मला इंजिनातला एक वेगळाच आवाज ऐकू आला, फॅनचा पट्टा सैल झालाय बहुतेक. वळण दिसलं. तिने काही सांगितलं नाही. मी डावीकडे घेतलं.

एक सिग्नल, एक शाळा, एक लग्नाचा हॉल. रस्ता सरळ आहे. रस्ता इतका सरळ आहे, दादा. हॉस्पिटलचं फाटक आलं. मी गाडी बाजूला लावली. तिने पुन्हा घड्याळ बघितलं.

"सात मिनिटं," ती म्हणाली.

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. तिने मला रडू दिलं. पाठीवरून हात फिरवला नाही, क्षमा केली असंही म्हणाली नाही. मग सरकत सरकत डाव्या दाराकडे गेली, दार उघडलं आणि स्वतःच उतरली. खाली उभी राहून तिने दार उघडंच धरून ठेवलं. जरा बाजूला झाली, एखाद्या माणसाला उतरायला जागा करून देतात तशी. हॉस्पिटलच्या फाटकाकडे बघत राहिली. फाटकातून माणसं आत-बाहेर करत होती. मग दोन्ही हातांनी दार लावलं आणि मला म्हणाली, "मी बसने जाईन. तुम्ही सोमवारी नऊ वाजता या. उशीर करू नका."

उद्या सोमवार. विक्रोळीच्या पोलीस ठाण्यात जबाब द्यायचा आहे. दर्शना सोबत येते आहे. रेवतीला कळवलं. तिने फोन ठेवला, अर्ध्या तासाने पुन्हा केला, पण रडतच होती. वकील म्हणाला, केस पुन्हा उघडेल, वेळ लागेल, आणि खोटा जबाब दिला म्हणून तुलाही बोलावतील. मी त्यांना लिहून देणार आहे की तुला फसवलं होतं. तो जागीच गेला असं तुला वाटलं, म्हणून तू माझ्यासाठी खोटं बोललास.

तुला विचारतील, गॅरेजमध्ये लवू आला तेव्हा काय म्हणाला. ते सांग. त्या वेळी मी तुझ्यासमोर उभा असेन कदाचित. मागच्या वेळी तू माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि सगळं स्वतःवर घेतलंस.

दादा, या वेळी माझ्याकडे बघू नकोस.

लवू